पावसाळ्यात लॉनमोव्हरची देखभाल: घरी काय करता, काय मेकॅनिककडे सोडता?

चिरेबंदी
मंडळी, फोंड्याजवळ घर आहे आणि घरापुढे पाचशे चौरस मीटर मोकळी जागा. त्यात कार्पेट ग्रास, कडेकडेने हरळी घुसलेली. मशीन ढकलत न्यायचं, पेट्रोलवालं, २१ इंची पात्याचं, इंजिन होंडा जीएक्सव्ही १६०. मिरगाचा पाऊस लागल्यापासून गवत काही ऐकत नाही. आज कापावं तर पुढच्या रविवारी पुन्हा घोट्याला लागतं. चवथ तोंडावर आली, मुंबईहून माणसं येतील, तोवर अंगण जरा माणसात आणायचंय.

सर्व्हिसिंगचं म्हणाल तर मशीन गाडीत घालून शहरात न्यायचं, पंधरा दिवस तिथं पडून राहणार आणि बिलावर 'जनरल सर्व्हिस' एवढंच. काय काय केलं विचारलं की काउंटरवरचा पोरगा आतल्या माणसाकडे बघतो, आतला माणूस पंख्याकडे. माझं मत असं की यातलं बरंचसं काम घरी होतं. तुम्ही काय करता, कधी करता? आणि पुस्तिकेतलं वेळापत्रक आपल्या पावसात चालतं का?

सत्तरीचा
एक म्हैस घ्या. पेट्रोल नको, प्लग नको.

पेडणेकरीण
सत्तरीचा, म्हशीची सर्व्हिसिंग दिवसातून दोनदा करावी लागते, तीही पहाटे. तुम्ही याल का?

सत्तरीचा
माघार.

गॅरेज_डिचोली
चिरेबंदी, माझ्याकडे ब्रशकटर, पंप, मोव्हर सगळं येतं. पावसाळ्यात आलेल्या मोव्हरमध्ये इंजिन खरोखर बिघडलेलं फार क्वचित असतं. दोन गोष्टी असतात: खाली डेकला (पात्यावरच्या पत्र्याच्या झाकणाला) चिकटलेलं ओलं गवत, आणि कार्बोरेटरमध्ये शिळं पेट्रोल. या दोन सांभाळल्या तर तुमचं मशीन मला दिसणारही नाही. धंद्याचं नुकसान करून सांगतोय.

डेकचं आधी. ओलं गवत पात्याच्या वाऱ्याने वर उडतं आणि पत्र्याला लिंपून बसतं. चार वेळा कापलं की बोटभर थर होतो. मग हवा फिरत नाही, गवत उभं राहत नाही, कापणी डागाडागाची दिसते आणि मालक म्हणतो पातं बोथट झालं. पातं ठीक असतं. त्या थराखाली पत्रा आठवडाभर ओला राहतो आणि गंज रंगाच्या आतून चालतो. किनाऱ्याजवळची मशीनं तर विचारूच नका, खारा वारा वरून खातो आणि गवत खालून. बार्देशातून एक डेक आला होता, लाकडी खरवडणी लावली तर रंगाचा पापुद्रा गवतासकट निघाला आणि मागे बाजूच्या चाकाचा बोल्ट दिसायला लागला, मध्ये पत्राच नव्हता.

दर वेळी कापून झालं की इंजिन निवू द्या, प्लगची टोपी काढा, मशीन कलतं करा आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी उलथनं नको, रंग जातो. मग फडक्याने कोरडं करा. वाळल्यावर तेच काम करायला गेलात तर दुप्पट वेळ लागतो.

अबोली
कलतं म्हणजे कुठल्या बाजूला? आमच्याकडच्या माळ्याने कुठल्याही बाजूला पाडलं आणि पुढच्या वेळी चालू केल्यावर एवढा पांढरा धूर, की शेजारच्या मावशी बादली घेऊन आल्या.

निवृत्त_फिटर
अबोलीताई, नियम सोपा आहे. एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला राहिले पाहिजेत. ते खाली गेले की तेल फिल्टरमध्ये उतरतं, पेट्रोलही गळतं. पांढरा धूर म्हणजे जळणारं तेल. थोडंच गेलं असेल तर काही वेळ चालून धूर थांबतो, पण फिल्टर काढून बघा, कागदी असेल आणि तेलकट झाला असेल तर बदलाच. कलतं करण्याआधी टाकीत पेट्रोल कमी असू द्या.

आणि प्लगची टोपी काढण्याबद्दल गॅरेजवाल्यांनी एका शब्दात सांगितलं, मी जरा रेटून सांगतो. पातं सरळ क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, बसलेलं असतं. तुम्ही हाताने पातं फिरवलं की आत पिस्टन फिरतो. गरम इंजिनात तेवढ्यावर एक ठोका लागू शकतो. बोटं परत येत नाहीत.

मास्तर_तिसवाडी
फिटरकाकांच्या मुद्द्याला आकडा जोडतो. २१ इंची पातं, इंजिन मिनिटाला ३००० फेरे. पात्याच्या टोकाचा घेर सुमारे १.६७ मीटर, सेकंदाला ५० फेरे, म्हणजे टोक सेकंदाला ८४ मीटर जातं. ताशी ३०० किलोमीटर. त्या वेगाने चिऱ्याचा तुकडा उडाला तर तो कुठल्या काचेत जाईल ते तुमच्या घराच्या रचनेवर अवलंबून.

माडाखालचा
मास्तर, आमच्याकडे चिरे कमी, नारळाची सोडणं जास्त. माडाखाली लॉन करायचं कुणी सुचवलं देव जाणे. चुडत (झावळी) पडलेलं असतं, करवंटी मातीत अर्धी गाडलेली असते. कापण्याआधी एक फेरी हातात पाटी घेऊन मारतो. आणि वर बघून. माडाखाली मशीन ढकलताना खाली बघावं की वर, हा माझा रोजचा प्रश्न.

गॅरेज_डिचोली
चिऱ्यावर पातं आपटून मशीन बंद पडलं आणि मग सुरूच होईना, ही तक्रार आमच्याकडे दर पावसात येते. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे, तरी नाही. दोरी ओढली की उलट झटका देते, हातातून मूठ हिसकावून घेते. अशा वेळी फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरचं जड चाक, काढायचं. फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक छोटी चावी असते, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनसारख्या इंजिनांत ती मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमची करतात. धक्का बसला की ती अर्धवट कातरली जाते, फ्लायव्हील जरासं सरकतं आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. चावी किरकोळ किमतीची. पण गिऱ्हाईक तोवर प्लग, कॉइल, कार्बोरेटर सगळं बदलून आलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे शाफ्ट वाकणं. मशीन चालू होतं पण दांड्याला हात धरवत नाही एवढं थरथरतं. तसं असेल तर वापरू नका. नवा शाफ्ट घालण्याचा खर्च ऐकून बहुतेक लोक नवं मशीन घेतात.

मांडवीकाठ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माझ्याकडे लॉन नाही, बाल्कनीत तीन कुंड्या आहेत.

अबोली
मांडवीकाठ, त्यांना कात्री पुरते. प्लगची टोपी काढायला विसरू नका.

चिरेबंदी
भरपूर माहिती मिळतेय, देव बरें करूं. पात्याला धार कशी लावायची? आणि तेलाचं काय? पुस्तिकेत तास दिलेत. माझ्या मशीनला मीटर नाही.

निवृत्त_फिटर
तेल आधी. तुमच्या जीएक्सव्ही १६० ला पहिलं तेल २० तासांनी किंवा महिन्याने, त्यानंतर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. तेल बसतं ०.६५ लिटर. लिटरचा डबा आणून सगळा ओतणारे लोक मी पाहिलेत. जास्त तेल हे कमी तेलाइतकंच वाईट. ब्रिग्जच्या बऱ्याच इंजिनांना पहिलं तेल ५ तासांनी, मग ५० तासांनी किंवा वर्षाने. १०डब्ल्यू-३० चालतं.

मीटर नसला तर नसू दे. पाचशे मीटरला एका वेळी किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा धरा आणि भिंतीवर खडूने रेघा मारा. आपल्याकडे तास भरायच्या आधी सहा महिनेच भरतात. मी मे अखेरीस एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बदलतो. इंजिन थोडं चालवून कोमट असताना काढायचं, म्हणजे गाळ तेलाबरोबर येतो.

माडाखालचा
फिटरकाका, तेल मोजताना पट्टी पूर्ण फिरवून बसवायची ना?

निवृत्त_फिटर
नाही. नुसती आत टेकवायची, आटे न फिरवता.

कुळागर
असहमत. माझ्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, पट्टी आवळून मग काढून बघायची. न आवळता बघितलं तर तेल कमी आहे असं वाटतं.

निवृत्त_फिटर
इंजिन कुठलं?

कुळागर
ब्रिग्ज.

निवृत्त_फिटर
मग तुमचं बरोबर. मी होंडाचं सांगत होतो. त्याच्यात आवळून बघितलं तर पट्टी जास्त खोल जाते, आहे त्यापेक्षा जास्त तेल दिसतं आणि माणूस कमी तेलावर मशीन चालवत राहतो. तुमच्या पट्टीवरच्या खुणाच आवळलेल्या स्थितीसाठी काढलेल्या असतात. दोघांनीही आपापलं पुस्तक उघडावं, शेजाऱ्याचं नव्हे. दोन्हीकडे मशीन मात्र सपाट जागेवर हवं, अंगणाच्या उतारावर नको.

पेडणेकरीण
काढलेल्या तेलाचं काय करता? आमच्या वाड्यावर एक गृहस्थ ते डेकला आतून फासतात, गंज लागत नाही म्हणून. उरलेलं माडाच्या बुंध्याशी, वाळवीसाठी.

कुळागर
फासायला काय हरकत आहे? आमचे वडील कुंपणाच्या खांबांना हेच लावायचे.

पेडणेकरीण
हरकत अशी की त्या माडापासून दहा पावलांवर त्यांची बांव (विहीर) आहे. चिऱ्याच्या जमिनीतून पाणी कसं उतरतं ते बांव खणणाऱ्याला विचारा. आणि डेकला फासलेलं तेल पहिल्या कापणीलाच गवतात जातं. गॅरेजमध्ये नेऊन द्या, ते ड्रममध्ये साठवतात.

गॅरेज_डिचोली
ताईंशी सहमत. आणा, घेतो. डेकला लावायचंच असेल तर कोरडा केल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा, गवत कमी चिकटतं.

सत्तरीचा
खोबरेल?

गॅरेज_डिचोली
खोबरेलाचा भाव बघितलाय का हल्ली? केसांना लावा.

निवृत्त_फिटर
आता पातं. बोल्ट सोडण्याआधी पातं आणि डेक यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवा, हाताने धरू नका. काढण्याआधी खालच्या बाजूवर रंगाची खूण करा, कारण उलटं बसवलेलं पातं गवत कापत नाही, बडवतं. वळलेले पंख वर, डेककडे.

धार कानस घेऊन लावता येते. जेवढा उतार मूळचा आहे तोच धरायचा आणि वरच्याच बाजूने घासायचं. दाढीच्या पात्यासारखी धार लावली तर पहिल्या खड्याला मोडते. ग्राइंडर लावलात तर पातं निळं पडू देऊ नका, निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं.

मग तोल. भिंतीत खिळा ठोका, पात्याचं मधलं भोक त्यावर अडकवा. जी बाजू खाली जाईल ती आणखी घासा, पण धारेच्या टोकाकडून नको, मागच्या अंगाने. आडवं स्थिर राहीपर्यंत. हे न करता बसवलेलं पातं सगळी थरथर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये पाठवतं. बोल्ट टॉर्क पान्याने आवळा, आकडा पुस्तिकेत असतो. वाकलेलं पातं हातोडीने सरळ करणाऱ्याला माझा दुरून नमस्कार.

मास्तर_तिसवाडी
अवांतर: लॉनमोव्हर पहिल्यांदा केला तो एडविन बडिंग या इंग्रज माणसाने, १८३० मध्ये, ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ. गिरणीत लोकरी कापडावरची लव एकसारखी कापणारं यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. ते रुळाच्या पात्यांचं होतं, कात्रीसारखं कापायचं. आपलं हे गरगर फिरणारं पातं गवत कापत नाही, वेगाने तोडतं. म्हणून बोथट झालं की गवताची टोकं फाटतात आणि दोन दिवसांनी पिवळी दिसतात. पातं तपासायला खाली वाकायची गरज नाही, गवताच्या टोकाकडे बघा.

मांडवीकाठ
मास्तर, अवांतर म्हणून सुरू केलंत आणि मुद्द्यावर येऊन थांबलात. नियमभंग.

तांबडी_माती
एअर फिल्टरवर कुणीच बोललं नाही. पावसात ठीक, पण नोव्हेंबरनंतर आमच्याकडे जी तांबडी धूळ उडते तिने फिल्टर विटेच्या रंगाचा होतो.

निवृत्त_फिटर
हा माझा विषय. खाणीवर फिटर होतो, मार्च २०१८ मध्ये काम थांबेपर्यंत. डंपरचा फिल्टर कोंदला की इंजिन काळा धूर ओकतं आणि डिझेल पितं. इथं मोव्हरलाही तेच, फक्त लहान प्रमाणात. स्पंजचा भाग साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, थोडं इंजिन तेल लावून पिळून काढा. कागदाचा भाग धुवायचा नाही, तेल लावायचं नाही, कठीण जागेवर हलके आपटून धूळ झाडायची. धूळ बसून गेली असेल तर नवा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली की कागदाला टाचणीएवढी भोकं पडतात आणि मग धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

अबोली
आमच्या मशीनमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, सायलेन्सरच्या तोंडात! मालक म्हणतो इंजिन गेलं. आमच्या माळ्याने काडी घालून माती पाडली, मशीन चालू. उन्हाळ्यात पडवीत उभं असलेलं मशीन त्या माशीला आयता फ्लॅट.

गॅरेज_डिचोली
हो हो, टाकीच्या झाकणाच्या छोट्या भोकातही घालते. मशीन पाच-दहा मिनिटं चालतं, बंद पडतं, झाकण उघडलं की पुन्हा चालतं. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. भोक साफ करा. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पंखांमध्येही गवत आणि माती अडकते, वरचं कव्हर काढून ब्रशने साफ करा, नाहीतर इंजिन तापतं.

पणजीकर_भाडोत्री
विजेवरचं घेतलं तर ही सगळी भानगडच नाही. पेट्रोल नाही, तेल नाही.

तांबडी_माती
आणि वीज?

पणजीकर_भाडोत्री
तीही नाही कधीकधी. :)

गॅरेज_डिचोली
छोट्या लॉनला विजेवरचं उत्तम. पण ओल्या गवतावर वायर ओढत चालायचं असेल तर त्या लाइनला आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, आणि तो टेस्टचं बटण दाबून बघितलेला हवा. व्होल्टेज खाली गेलं की मोटार घुमते, तापते. आवाज जड झाला तर लगेच बंद करा. पाण्याच्या पाइपने धुऊ नका, ब्रश पुरे.

माडाखालचा
गॅरेजवाल्यांनी सुरुवातीला शिळ्या पेट्रोलचं म्हटलं होतं, ते राहिलंच.

गॅरेज_डिचोली
राहिलं खरं. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या लहान इंजिनांच्या पुस्तिकेत बहुधा १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्या जुलैच्या हवेत ओल किती ते भिंतीवरची बुरशी सांगते. पुरेसं पाणी शोषलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कार्बोरेटर पेट्रोल तळातूनच घेतो.

उघडलेल्या कार्बोरेटरची वाटी बघितलीत तर कळेल. तळाला पांढरी भुकटी, मध्ये पिवळट चिकट लेप, आणि पेट्रोल सोडणाऱ्या पितळेच्या जेटचं भोक बंद. जेटमध्ये सुई किंवा तार खुपसू नका, भोक मोठं होतं आणि मग मशीन कधीच सुरळीत चालत नाही. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा. रबरी नळी हाताला मऊ, फुगलेली लागली तर बदला.

करायचं काय? एका वेळी लागेल तेवढंच पेट्रोल आणा. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा, पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. ते उघड्यावर, बिडीपासून लांब. बास. माझ्याकडे येणारी अर्धी गर्दी याने जाईल.

कुळागर
दर वेळी कापून झाल्यावर चावी बंद करून पेट्रोल संपेपर्यंत चालवलं तर?

गॅरेज_डिचोली
उत्तमच. दोन मिनिटांचं काम.

पेडणेकरीण
तुम्ही सगळे मशीन सांभाळा, पण टायकिळो (टाकळा) सांभाळता का कुणी? आमच्या शेजाऱ्यांनी पहिल्या पावसानंतर नवं मशीन फिरवलं आणि कुंपणाजवळचा सगळा टायकिळो, कुड्डूक सपाट. वर मला विचारतात, यंदा भाजी मिळाली नाही का?

सत्तरीचा
याला म्हणतात गुन्हा. म्हशीनेही सोडला असता.

तांबडी_माती
कडेचा दोन हात पट्टा मी श्रावण संपेपर्यंत सोडतो. तिथं दूर्वाही मिळतात. मशीनने कापलेल्या दूर्वा घेऊन बसलं तर आई बाहेर काढेल.

चिरेबंदी
चर्चा भाजीवर गेली, हरकत नाही, आमच्याकडेही टायकिळो वाचवलाय. आता माझं परत विचारतो. चवथीपूर्वी एक दुपार हाताशी आहे, पाऊस उघडला तर. कुठून सुरुवात करू?

निवृत्त_फिटर
एकच दुपार असेल तर तेल आणि फिल्टर नुसते बघा, बदलत बसू नका. प्लगची टोपी काढा, डेक खरवडा, पातं उतरवून धार आणि तोल. प्लग काढलाच तर फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असू द्या, ब्रशने साफ करा. दांड्यावरची लिव्हर सोडल्यावर इंजिन लगेच थांबतं का ते बघा, थांबायला वेळ लागत असेल तर केबल तपासून नीट करून घ्या. हे आधी करा, बाकी काही राहिलं तरी. जुनं पेट्रोल काढून ताजं घाला. 

गवत घोट्याच्या वर गेलं असेल तर एकदम खाली कापू नका. पहिल्या दिवशी चाकं सर्वांत वरच्या खाचेत, दोन-तीन दिवसांनी एक खाच खाली. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची घेतली तर गवत पिवळं पडतं आणि पाहुणे आले त्या दिवशी अंगण आजारी दिसेल. सकाळचं दंव उतरल्यावर, दुपारी कापा.

चिरेबंदी
कळलं. लिव्हरची केबल सैल आहेच, ती आजच बघतो.

मांडवीकाठ
वाचनखूण साठवली. कुंड्यांसाठी नाही, सासऱ्यांना पाठवतो.

माडाखालचा
फिटरकाका, सुरू करायची दोरी मध्येच अडकते आणि पूर्ण आत जात नाही. स्प्रिंग गेली का?

निवृत्त_फिटर
आधी वरचं कव्हर काढून दोरीचे धागे सुटलेत का बघा, सुटलेला धागा चाकात गुंततो. दोरी ठीक असेल तर स्प्रिंग. ती उघडताना चष्मा लावा आणि कव्हर तोंडासमोर धरू नका. नाहीतर गॅरेजवाल्यांकडे न्या, त्यांचा धंदा आपण आज बराच बुडवलाय.

गॅरेज_डिचोली
सोमवारी या. तेलाचा डबा पण घेऊन या.